लाल बाजू

गुलबर्गा, खोली ४१२
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

मंजू,

वर 'चि. सौ. मंजुश्रीस' असं लिहिलं होतं, मग तो कागदच फाडला. सहा वर्षं ज्या तोंडानं तुला सौ. म्हणलो न्हाई, ते तोंड आता कागदावर कशाला सजवायचं? म्हणून नुस्तं मंजू. लहानपणी हाक मारायचो तशी.

ह्या कागदाच्या डोक्यावर सोनेरी अक्षरात छापलंय ते हॉटेलचं नाव. टेबलाच्या खणात असले दहा-बारा कागद, पाकिटं आन् एक पेन ठेवलेलं असतंय. इथं उतरून पत्र कोण लिहीत असंल, देव जाणे. मला तर वाटतंय हॉटेल उघडल्यापासून मीच पहिला.

झालं असं की डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणला, नंतरचे चार-पाच दिवस जवळच राहा, तपासायला लागतंय. कोहिनूर गावाहून रोज येणं-जाणं जमत न्हाई. शिवराजला हैदराबादेतून सुट्टी मिळंना, म्हणून त्यानं तिकडनंच हे ठरवलं. "अप्पा, सगळं आतल्या आत हाय. खाणं, धुणं, दवाखान्याला गाडी. तुम्हाला बोटसुद्धा हलवायला लागत न्हाई." मी म्हणलं, बोट न हलवणाऱ्याला चौघं उचलून नेतात रे. तो चिडला, मी बी चिडलो, आन् शेवटी आलो. स्टँडवर ऑटोवाल्याला 'हॉटेल' म्हणलो तर त्यानं माझ्या धोतराकडं बघून इडलीच्या हॉटेलापुढं आणून सोडलं. त्याची तरी काय चूक? आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहा-भजी.

दारात दोघं उभे असतात. आपण हात लावायच्या आत दार उघडतात. काउंटरवर मृत्युंजय म्हणून एकजण हाय, गोरा, चष्मेवाला, सारखा हसतोय. "बर्री सर, बर्री" म्हणत आत घेतलं आन् मला कसलंतरी हिरवं सरबत दिलं. पुढं सफरचंदांची परडी मांडलीय. मी एक उचलून खाल्लं तर सगळे माझ्याकडं बघायले. ती खायची नसतात, मांडायची असतात. खोलीला चावीच्या जागी कार्ड हाय, ते भिंतीच्या खोबणीत घातल्याबिगर दिवा लागत न्हाई म्हणं. हे कळायच्या आधी मी पडदे ओढून अंधारात घंटाभर बसून होतो. न्हाणीला एका बाजूनं भिंतच न्हाई, काच हाय. पलंगावरनं आंघोळ करणारा माणूस दिसावा म्हणून केलीय का काय, कळंना. आन् खिडकी उघडत न्हाई. खाली रस्ता दिसतोय, बस दिसायलीय, पण आवाज म्हणून न्हाई.

आता कामाचं. शिवराज म्हणला, अक्का बी ह्या आठवड्यात गुलबर्ग्यातच हाय, शिक्षकांच्या ट्रेनिंगला, शनिवारपर्यंत. त्यानं तुला विचारलं. तू म्हणलीस, गुरुवारी चार वाजता येते. हॉटेलात येते, घरी न्हाई. बरोबर हाय तुझं. घराचं दार मीच लावलंय.

मंजू, मला तुला एक गोष्ट सांगायची हाय. तुझ्या मायच्या शेवटच्या अकरा दिवसांची. दोन वर्षं ती माझ्या घशात अडकून बसलीय. ती सांगायलाच तुला बोलवलंय, डोळ्याचं निमित्त हाय. तोंडानं जमलं न्हाई तर हे कागद तुझ्या हातात देईन.

इथं लिफ्टमध्ये, दारावर, जेवणाच्या कार्डावर, सगळीकडं कन्नड आन् इंग्रजी. मला कन्नड बोलता येतंय, कन्नडात भांडता येतंय, वाचायला मात्र एक अक्षर येत न्हाई, हे तुला सांगायला नको. बसवकल्याणच्या स्टँडवर तू माझं बोट धरून बोर्ड वाचायचीस. "अप्पा, ही हुमनाबाद. अप्पा, ही न्हाई, ही भालकी." घरात एक तरी कन्नड वाचणारं पाहिजे म्हणून मीच तुला कन्नड शाळंत घातलं. तालुक्याचा कागद असू दे, करंटचं बिल असू दे, तू वाचल्याबिगर मी सही करत नव्हतो. आन् त्याच मी, तू कन्नड माणसाशी लग्न केलंस म्हणून दार लावलं. माझ्यासारखा शहाणा मीच.

अप्पा


मंगळवार, ४ नोव्हेंबर, संध्याकाळ

मंजू,

ओळी वाकड्या येतील. डाव्या डोळ्याला पट्टी हाय. डॉक्टरनं लिहू नको, वाचू नको म्हणलंय. पण मग करू तरी काय?

ऑपरेशन बरं झालं. पाव घंट्याचं काम. सगळं झाल्यावर नर्सनं विचारलं, "घरचं कोण हाय बरोबर?" मी म्हणलं, हॉटेल हाय. ती हसली, मग माझ्याकडं बघून तिचं हसणं थांबलं. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. कन्नडात. काय लिहिलं असंल?

हॉटेलची गाडी आली, चाकाची खुर्ची आली, मृत्युंजय स्वतः लिफ्टपर्यंत आला. खोलीत सूप आलं. थोड्या वेळानं फोन आला, "सूप कसं होतं सर?" परत फोन, "अजून काय पाहिजे सर?" सकाळपासून अकरा माणसांनी मला 'कसं वाटतंय' म्हणून विचारलं असंल. अकराच्या अकरा जणांनी उत्तर ऐकायच्या आधीच मान हलवली. त्यांना बोल लावत न्हाई, त्यांचं ते कामच हाय. पण मंजू, एवढी विचारपूस झाली आन् मी दिवसभरात कुणाशी बोललो न्हाई.

गादी इतकी मऊ हाय की कूस बदलायला गेलं तर माणूस आत जातोय. मी खाली गालिच्यावर चादर टाकलीय. उशा मात्र चार हायत. तुझी माय असती तर दोन पिशवीत घालून घरी घेऊन आली असती.

अप्पा


बुधवार, ५ नोव्हेंबर

मंजू,

सकाळी पट्टी काढली. काळा चष्मा दिलाय. आरशात बघितलं तर सिनेमातला म्हातारा गुंड दिसायलो.

डोळ्यात घालायला दोन बाटल्या दिल्यात. एक दर दोन घंट्याला, एक दिवसातनं चार बारी. नर्स म्हणली, स्वतः घालू नका, हात हलतो, घरच्या माणसाला सांगा. मी आल्या आल्या काउंटरला गेलो. म्हणलं, एवढे थेंब घाला. मृत्युंजयचा चेहरा पडला. "सर, औषधाला हात लावायची आम्हाला परवानगी न्हाई. डॉक्टर बोलवू का?" दर दोन घंट्याला डॉक्टर बोलवतोस का रे, म्हणलं. त्यानं वर फोन लावला, वरच्यानं त्याच्या वरच्याला लावला. न्हाई ते न्हाईच. माझं धोतर इस्त्री करून मिळंल, बूट पुसून मिळतील, रातच्याला पाय चेपणारा माणूस बी हाय म्हणं. डोळ्यात थेंब घालायला तेवढं कोण न्हाई.

मग स्वतःच घ्यायला बसलो. एक थेंब कानात, एक मिशीवर. तेवढ्यात खोली झाडायला बाई आली. चंद्रभागाबाई. नाव ऐकूनच म्हणलं, कुठली गं? तर आळंदकडची, माहेर आपल्या बाजूचं. मराठी ऐकून मला भरूनच आलं. ती म्हणली, "कामून असं करायलाव अण्णा, डोळा फोडून घेताव का? बसा खाली." दार लोटलं आन् दोन्ही थेंब नीट घातले. म्हणली, "कुणाला सांगू नका बरं का, माझी नोकरी जाईल." तवापासून ती आपल्या कामातनं वेळ काढून येतीय. तिच्या हाताला फिनाइलचा वास येतो. पापणी वर धरते तेव्हा अंगठा बरोबर तिथं ठेवते जिथं तुझी माय ठेवायची. आठवतंय का, तुझे डोळे आले होते तेव्हा?

खोलीतलं सगळं तिनंच मला शिकवलं. गरम पाण्याची तोटी कुठली, फोनवर नऊ दाबायचं, दाराच्या भोकातनं बाहेरचा माणूस कसा बघायचा. दाराच्या मुठीला एक कार्ड लटकतंय, त्याची हिरवी बाजू बाहेर ठेवली की ती झाडायला येती. लाल बाजू ठेवली की कुणी म्हणजे कुणी दार वाजवत न्हाई, मॅनेजर बी न्हाई. "लाल बघितलं की आम्ही वापस फिरताव," म्हणली.

उद्या तू येणार. स्वैपाकघराला फोन करून शेंगापोळी सांगितलीय, चार वाजता, वर तूप. शिवराज म्हणला सोनूला बी आणणार हायस. चार वर्षांची झाली न्हवं ती? मला बघून रडंल का, ह्या काळ्या चष्म्यात? उद्या चष्मा काढूनच बसतो.

काय बोलायचं ते पाठ करायलोय. पहिलं वाक्यच निघंना.

अप्पा


गुरुवार, ६ नोव्हेंबर, संध्याकाळ सहा

मंजू,

हे पत्र चंद्रभागाबाईच्या हाती ट्रेनिंगच्या जागी पाठवायलोय. तिच्या घराच्या वाटंवरच हाय ते. आधीची पत्रं माझ्याजवळच हायत.

तू आल्ती आन् वापस गेलीस, हे मला आत्ता कळलं. फार मोठी चूक झाली बघ. दाराच्या मुठीला इथं एक कार्ड असतंय, एका बाजूनं लाल, एका बाजूनं हिरवं. त्यावर सगळं कन्नड आन् इंग्रजीत लिहिलेलं. मला काय ठाऊक कुठल्या बाजूला काय हाय? मला वाटलं लाल बाजू म्हणजे खोली झाडा. तसं समजून मी ती बाहेर लावली आन् पडलो. औषधानं गुंगी येती, डोळा लागला. फोन वाजला असंल तर ऐकू आला न्हाई. शेंगापोळी बी आली न्हाई, म्हणून खाली विचारलं, तेव्हा मृत्युंजयनं सांगितलं की सर, तुम्हीच 'त्रास देऊ नका' असं लावलंय, आन् तुमच्या मुलगी येऊन गेल्या.

तुला तर माहीत हाय मला कन्नड वाचता येत न्हाई. तू असतीस तर वाचून सांगितली असतीस. म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं असं मनात आणू नको. परत एकदा ये. शनिवारी ट्रेनिंग संपतंय न्हवं? तेव्हा ये. सोनूला घेऊन ये.

तुझा अप्पा


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मंजू,

दुपारी शिवराजचा फोन आला. पत्र तुला मिळालं. तू वाचून रडलीस म्हणं. म्हणलीस, "अप्पाला कन्नड वाचता येत न्हाई हे मला ध्यानात यायला पाहिजे होतं. लहानपणापासून मीच वाचायचे. चूक माझीच हाय." उद्या चार वाजता येणार, सोनूला आणणार, थेंब बी तूच घालणार. रविवारी मला गाडीत घालून कोहिनूरला सोडायला तुझे मालक संगमेश्वरराव येतील, असं बी म्हणलीस. शिवराज फोनवर लहान पोरासारखं हसायला. "अप्पा, जमलं! कार्डानं काम बिघडवलं आन् कार्डानंच केलं!"

मी बी हसलो. खाली जाऊन जेवलो. चाळीस पदार्थ मांडलेले असतात, प्रत्येकजण आपली ताटली भरून आपल्या फोनकडं बघत खातोय. कडक भाकरी होती, कागदासारखी पातळ, कराकर मोडायची. परवापासून पहिल्यांदाच चव लागली.

मंजू, मी काय ठरवलंय सांगू? उद्या काहीच सांगायचं न्हाई. मायचा विषय काढायचा न्हाई. तू येणार, सोनू येणार, शेंगापोळी खाऊ. झालं गेलं. अडुसष्टावं चालू हाय मला, किती दिवस राहिलेत? तेवढे दिवस मुलगी, नात मिळत असतील तर तोंड कशाला उघडायचं? सांगून तुझं बी भलं होणार न्हाई, असं मनाला पटवायलोय.

पटलंय. बरंचसं पटलंय.

अप्पा


शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळ

मंजू,

न्हाई पटलं.

सकाळी चंद्रभागाबाई थेंब घालायला आली. पापणी वर धरून म्हणली, "अण्णा, परवा त्या ताई आल्त्या तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होते. लई वेळ उभ्या होत्या. दाराला नुस्ता हात लावून. मी म्हणलं, ताई, माझ्याजवळ कार्ड हाय, उघडून देऊ का? तर म्हणल्या, नको मावशी, त्यांची चूक न्हाई, झोपू द्या." आन् मग माझ्या त्याच डोळ्यात थेंब सोडून म्हणली, "तुम्हाला तर मी बुधवारीच सांगितलं होतं की अण्णा, लाल म्हणजे काय ते."

मी काळा चष्मा परत चढवला. तिनं बाटलीचं झाकण लावलं आन् गेली.

आता ह्या पाकिटात मी सगळीच पत्रं घालायलोय, बुधवारचं सुद्धा. ते तू नीट वाच. लाल बाजू म्हणजे काय ते त्यात माझ्याच हातानं लिहिलंय. काल ते फाडायला घेतलं होतं. गुरुवारचं पत्र खोटं हाय. वाचता येत न्हाई हे खरं, पण त्या दिवशी वाचायची गरजच नव्हती. मी गुरुवारी साडेतीनला उठलो, फोन काढून बाजूला ठेवला आन् लाल बाजू बाहेर लावली. झोपलो न्हाई. दाराच्या आतल्या अंगाला उभा होतो.

तू आलीस ते मी भोकातनं बघितलं. चांगल्या डोळ्यानं. तू कार्ड बघितलंस, मग पदर सारखा केलास, उगंच, जसा तुझी माय करायची दारात उभी राहिली की. सोनू दिसंना, ती खाली होती, पण आवाज आला. "अज्जा मल्कोंडारेन?" आजोबा झोपलेत का. तू म्हणलीस, "हूं, मल्कोंडार." मला कन्नड वाचता येत न्हाई मंजू, ऐकू येतंय. तुझ्या लेकीसमोर तू माझी लाज राखलीस आन् मी चार बोटांच्या दाराआड उभा राहून ती राखून घेतली.

कामून उघडलं न्हाई? कारण उघडलं असतं तर सांगावं लागलं असतं. आत्तापर्यंत मी तुला हेकट बाप म्हणून ठाऊक हाय. हेकट बापाकडं लेक कधीतरी वापस येती. हे कळल्यावर येती का, ते मला ठाऊक नव्हतं.

आता सांगतो.

तुझी माय बसवकल्याणच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. तू विचारलंस, "अप्पा, मी येऊ का?" मी म्हणलो, "माय म्हणती येऊ नको. तुझं तोंड बघायचं न्हाई म्हणती." तुझी माय नागूबाई असं काही म्हणली नव्हती. ती तेव्हा झोपलेली होती. ते शब्द माझे. तू संगमेश्वररावाला घेऊन सगळ्या भावकीदेखत वॉर्डात येशील, मग मी सहा वर्षांपूर्वी चावडीवर 'ती माझी लेक न्हाई' असं जे बोललो त्याचं काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वाटलं, बरी होईल ही, घरी नेऊ, मग बघू. तिला काही होईल असं माझ्या मनातसुद्धा आलं न्हाई.

ती रोज विचारायची. वॉर्डाच्या दाराला स्प्रिंग होती, उघडलं की कुईं वाजायचं. प्रत्येक बारीला मान उचलायची, "मंजू आली का?" नर्स आली तरी तेच, झाडूवाली आली तरी तेच. शेवटी शेवटी मला त्या दाराचाच राग यायला लागला. आठव्या दिवशी मी वैतागून म्हणलो, "ती न्हाई येत म्हणली. विषय संपला."

ती म्हणली, "शाळंतनं सुट्टी मिळाली नसंल तिला. रागं भरू नका पोरीला." आन् भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर तीन दिवस दार वाजलं, पण तिनं मान उचलली न्हाई.

तू अंत्यविधीला आलीस, लांब उभी राहिलीस. बायांनी तुला पुढं आणलं तेव्हा तिच्या पायावर डोकं ठेवून तू म्हणलीस, "माझीच चूक झाली माय." मी चार हातांवर होतो, मी ऐकलं. तेव्हा सांगायचं होतं. न्हाई सांगितलं. आन् काल शिवराज फोनवर म्हणला, अक्का म्हणती चूक माझीच. तेच शब्द. माझ्या खोट्यावर दुसऱ्यांदा तूच चूक अंगावर घेतलीस. काल मी त्यावर हसलो आन् भाकरी खाल्ली.

लोक म्हणतील म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला. व्हय, झाला. पण तो दोन वर्षं मला गपच ठेवत होता. पश्चात्तापानं लिहायला न्हाई बसलो. आज तू माझ्या डोळ्यात थेंब घालशील, "अप्पा, वर बघा" म्हणशील, आन् मनात धरशील की मायनं तुझं तोंड बघायला नकार दिला होता. ते मला सोसवणार न्हाई. म्हणून लिहायलोय. ह्यात बी माझाच स्वार्थ निघाला बघ.

मायनं तुला बोलवलं होतं. अकरा दिवसांतले आठ दिवस दाराकडं बघून बोलवलं होतं. उरलेले तीन दिवस मी घेतले.

हे पाकीट दुपारी एकच्या आत तुझ्या हातात पडंल. चंद्रभागाबाईला शपथ घातलीय की तुझ्याच हातात द्यायचं, दारावरच्या शिपायाकडं न्हाई. चार वाजायला मध्ये तीन घंटे राहतील. यायचं का न्हाई ते तू ठरव. न्हाई आलीस तर मी शिवराजला खरं काय ते सांगीन, तुझ्यावर काही येऊ देणार न्हाई. उद्या बसनं जाईन. बोर्ड कुणालातरी विचारीन.

मुठीवरचं कार्ड काढून ह्याच पाकिटात घातलंय. ह्या खोलीला आता कुठलीच बाजू न्हाई. पण हॉटेलची दारं वाईट असतात, उघडी ठेवली तरी आपोआप लागतात. म्हणून मी माझी चप्पल फटीत अडकवलीय. मृत्युंजय दोनदा येऊन गेला, "सर, एसीचा गारवा बाहेर जायलाय, दार लावू का?" मी म्हणलं, हात लावशील तर बघ.

आलीस तर मला शिव्या घाल, काय वाटंल ते म्हण. फक्त एक कर. तुझ्या मायनं तुझ्यासाठी कारण शोधलं, तू सोनूपुढं माझ्यासाठी शोधलंस. ह्या बारीला माझ्यासाठी कारण शोधू नको.

अंकुशराव